दहा मिनिटं ओलं

सात नंबरच्या दारावरची जेलची बाटली काढून ठेवलीय.
या जंतूच्या बीजाणूंना अल्कोहोल म्हणजे नुसतं अत्तर.
हात धुवायचे ते साबणानं, वाहत्या पाण्याखाली,
अंगठ्याच्या बेचक्यासकट.

गिस्लेन पिवळा गाऊन चढवते,
क्लोरीनच्या पाण्यात फडकं पिळते.
कठडा, घंटेचं बटण, नळ, कमोडचं झाकण.
पुसलेलं दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं,
घाई केली तर सगळं फुकट.

खिडकीबाहेर सेंट लॉरेन्स गोठलेली.
पलंगावर ओव्हिला, जन्म गेला कागदाच्या गिरणीत.
छातीसाठी दिलेल्या औषधानं
पोटातली भली वस्तीही उठवली,
आणि रिकाम्या घरात हा शिरला.
काल चौदा वेळा.
आता ते औषध बंद, दुसरं सुरू.
"माफ कर, पोरी," तो चादरीशी बोलतो.

अजून सहा मिनिटं.
मुलगी काचेतून हात हलवून गेली,
डॉक्टर दारातूनच बोलले.
गिस्लेन खुर्ची ओढते,
मग आठवतं, खुर्चीही ओलीच.
उभ्यानंच विचारते,
"गिरणीत पाळी कुठली असायची तुमची?"

"रात्रीची,"
तो म्हणतो.
"तुझीच."