अंजनेरीच्या पल्याड

अकरा वर्षं त्र्यंबकच्या लहांगेंना
मी फक्त खरखरीतून ओळखत होते.
शिंगाडा तलावाजवळच्या कंट्रोल रूममध्ये
हेडफोनचा स्पंज तीनदा बदलला,
खरखर तीच राहिली.

मध्ये अंजनेरी आहे.
डोंगर कोणाचं ऐकत नाही
आणि ऐकूही देत नाही.
वायरलेसवर 'पाणी' म्हटलं की
'पा' तिकडेच कड्याला अडकायचा,
माझ्यापर्यंत नुसता 'णी' यायचा.
त्या 'णी'च्या लांबीवरून मी ठरवायचे
भांडीबाजारात कधी कळवायचं,
टपऱ्या कधी उचलायला लावायच्या.

एका ऑगस्टात 'णी'ही आला नाही.
पाणी आलं.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं तेव्हा
मी अजून म्हणत होते,
त्र्यंबक, त्र्यंबक, ऐकू येतंय का, ओव्हर.

मग बैठक.
पाच गावं, एक लांब टेबल, केळ्याचे वेफर्स.
डोंगरावर रिपीटर, नवे सेट, बॅटऱ्या:
एकेचाळीस लाख, जीएसटी सोडून.
सिन्नर म्हणालं, लोकसंख्येवर वाटा.
नाशिक म्हणालं, म्हणजे सगळं आम्हीच भरा की!
भगूर म्हणालं, आमचा बंब एक,
त्याला सेट दोन कशाला?
देवळाली कॅन्टोन्मेंट म्हणालं,
वरून मंजुरी आली की कळवतो.
त्र्यंबकच्या तिदमे मॅडमनी चष्मा पुसत विचारलं,
आमची लोकसंख्या कुठल्या दिवसाची धरणार?
श्रावणातल्या सोमवारची, की मंगळवारची?
हसू आलं सगळ्यांना,
आणि मग कॅल्क्युलेटर पुन्हा बाहेर निघाले.

दाराजवळच्या खुर्चीत एक खाकी माणूस,
मांडीवर रेक्झिनची पिशवी, पिशवीत जुना सेट.
त्याला बोलायचं होतं.
तोंड उघडलं आणि क्षणभर थांबला,
बटण दाबल्यावर थांबतात तसा.
त्या थांबण्यावरून मी ओळखलं.
म्हणाले, साहेब, धरणाला फोन आहे.
डोंगरावरून सुटणाऱ्या ओढ्यांना
रात्री फक्त मी आहे.
त्या रात्रीचा हिस्सा कसा पाडायचा,
तेवढं लिहून द्या.
आणि सवयीनं म्हणाले, ओव्हर.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही.
सात महिन्यांनी ठरलं: बासष्ट, एकोणीस,
अकरा, पाच, तीन.
भगूरचा दुसरा हप्ता अजून यायचाय;
बोराडे भाऊसाहेब दर महिन्याला
स्मरणपत्राची तारीख तेवढी बदलतात.
मनोरा मात्र उभा आहे.
संध्याकाळी त्याचा लाल दिवा लागला की
गच्चीवर जाऊन बघते, दिसत नाही इथून,
तरी बघते.

आता 'पाणी' पूर्ण येतं.
त्याच्या मागे त्यांच्या चौकीतलं बरंच काही येतं:
चहाच्या भांड्याचं झाकण,
कोणाच्या तरी मोबाईलवरची आरती,
आणि एक श्वास, शिट्टीसारखा,
वाक्याच्या मधेच अडणारा.

गेल्या मंगळवारी रात्री, पाऊस नव्हता,
लाईन मोकळी होती, म्हणून विचारलं,
लहांगे, दमा कधीपासून? ओव्हर.

ते थांबले. बटण दाबूनच थांबले.

पहिल्यापासूनच, मॅडम.
तुम्हाला वाटलं असेल, खरखर आहे.
ओव्हर.