फिक्का गुलाबी

धनसे हे आडनाव फोनवर चालून जातं.
"धनसे म्हणजे रायगडकडचे ना तुम्ही?"
हो, म्हसळ्याचे.
मग नेरूळमधली खोली दाखवली जाते,
गॅलरी, गीझर, कपडे वाळत घालायची दोरी,
आणि आधार कार्ड पुढे केलं की
रुमाना या नावापाशी येऊन
काकूंना आठवतं, पुतणी येणार आहे राहायला.

तीन काकू, तीन पुतण्या.
चौथीला पुतणी नव्हती.

हजेरीत माझा नंबर एकोणतीस.
पहिल्या दिवशी तोंडातून "जी" गेलं
आणि मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.
आठवडाभर मी "येस मॅम" म्हणाले.
मग पुन्हा "जी".
ठरवून नाही, तेच आलं तोंडात.

"तुझं मराठी किती शुद्ध आहे गं!"
खरं तर मुळीच शुद्ध नाही.
त्यात खाडीचा गाळ आहे, अम्मीचं "काय गो" आहे,
सुकटीचा वास आहे.
पण ती कौतुकच करत होती.
मी थँक्यू म्हणाले, आणि दिवसभर
मला माझ्याच थँक्यूचा राग येत राहिला.

नमाजाला जागा कुठे, हे कुणाला विचारायचं?
दुसऱ्या मजल्यावरच्या बेसिनमध्ये
एक पाय वर घेऊन धूत होते,
तोल सांभाळत, बगळ्यासारखी,
एक सीनियर आत आली. "लागलं का गं पायाला?"
घाबरून मी हो म्हटलं.
तिने पर्समधून पट्टी काढून दिली.
ती अजून माझ्या कंपासपेटीत आहे.

शेवटी लॅबच्या मढवी काकांना विचारलं.
त्यांनी भंगाराच्या खोलीची किल्ली दिली.
"दीड ते दोन. पंखा बंद करून जायचं.
बाटल्यांना हात नाही लावायचा."
कशाला, ते विचारलं नाही.
तिथे एका बाजूला झुकलेले तराजू,
काच फुटलेली कपाटं, आणि एक खिडकी
बरोबर खाडीकडे, मावळतीकडे.
एके दिवशी पाहिलं तर फरशीवर फ्लेक्स अंथरलेला, पालथा,
तीन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाचा.
पुसलेला. अजून थोडा ओला.

रमजानात प्रॅक्टिकल लांबलं.
माझी पार्टनर प्रणोती घरत, सारसोळ्याची.
माझ्यासमोर खायचं नाही म्हणून
जिन्याखाली उभी राहून वडापाव खाते
आणि ओठाला चटणी लावून परत येते.
"मी काहीच नाही खाल्लं."
मी म्हणते, पूस आधी.

बुरेटमधून थेंब.
पुन्हा थेंब.
सकाळपासून कोरडी असलेली माझी जीभ
त्या प्रत्येक थेंबाकडे बघत होती.
दोनदा घाई झाली, दोनदा फ्लास्क
एकदम भडक, जांभळट.
"ओता. पुन्हा करा," मॅडम म्हणाल्या.
"एका थेंबाचा प्रश्न असतो."
मला हसू आलं. हे मला
सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

तिसऱ्यांदा तो रंग आला.
आला म्हणजे काय, असेल-नसेल इतकाच,
पांढऱ्या टाइलवर धरल्याशिवाय न दिसणारा.
आम्ही दोघी श्वास धरून मोजत राहिलो
तीस सेकंद. टिकला.
तेवढ्यात ॲप्रनच्या खिशात फोन थरथरला.
"जा तू," प्रणोती म्हणाली, "रीडिंग मी लिहिते."

कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून
खजूर तोंडात धरला.
लगेच चावला नाही.
खाडीवर रोहित होते की नुसतंच आभाळ,
चष्मा आत टेबलावर राहिला होता.

जर्नलमध्ये दोन रीडिंग माझ्या अक्षरात,
तिसरं तिच्या.
मॅडमनी लाल पेनाने गोल केला: अक्षर बदललं?
प्रणोतीने खाली लिहिलं: "मगरीबमुळे."
बि तिने दीर्घ काढून ब केला होता, आणि ग ला री.
मी दुरुस्त नाही केलं.
मॅडमनी पुढे काहीच लिहिलं नाही,
फक्त सही. आणि तारीख.