रकाना नववा

अर्ज कन्नडात होता.
तेजू हायस्कुलात कन्नड शिकते, म्हणून ती वाचायची,
मी सांगायची, ती परत लिहायची.
न्हाणी, पडवी, माळा,
एकेक करून माझं घर तिच्या पेनातून
गोल गोल अक्षरांत उतरत गेलं.

नाव : द्रौपदा रवळू गावकर. गाव : कंकुंबी.
खोल्या : दोन.
खाटा : चार. एक कुरकुरते, हे लिहिलं नाही.
संडास : इंग्रजी. खानापूरहून टेंपोतून आणला, भाताच्या पेंढ्यात निजवून,
अंगणात ठेवला तेव्हा अख्खी आळी बघून गेली.

खर्च आधी आपणच करायचा.
मग बिलं लावायची, मग ते येऊन मोजणार,
मग पैसे. सगळे नाही. मार्चपर्यंत.
कुठला मार्च, ते विचारायचं नाही.
दीर म्हणाले, सरकार एकदा माजघरात शिरलं
की चपला काढत नसतंय बघ.
खरं मी गटातून उचल घेतलीच,
गादीवाल्याला सांगून आले, कापूस दाबून भर.

रकाना नववा : जवळची प्रेक्षणीय स्थळं.
इथं अडलो.
माउलीचं देऊळ लिहिलं, मलप्रभेचं कुंड लिहिलं,
चोर्ल्याचा घाट लिहिला.
आणि? तेजू म्हणाली. जागा उरली आहे.

चिगुळ्याच्या वाटेवर एक दगड आहे,
कंबरेइतका. त्यावर भारा टेकवला
की मान आपसूक मोकळी होते, वर येते,
आणि खाली दरीत सगळा गोवा पसरलेला असतो, निळा.
तीस वर्षं मी तिथं भारा टेकवला.
बघायला म्हणून एकदाही गेले नाही.
लिही, म्हटलं.
दगडाला नाव काय, आई?
नाव कशाला असेल.
तिनं काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

बोर्ड रंगवणाऱ्यानं अक्षरामागं पैसे घेतले.
कन्नड मोठं, मधे इंग्रजी,
मराठी जागा उरेल तसं, खाली, झाडाच्या बुंध्याशी.
दुसऱ्याच रात्री गवा आला, त्याला पाठ घासून गेला.
तेव्हापासून बोर्ड तिरका आहे.
पुण्याची पोरं त्याच्यासोबत फोटो काढतात.

मोजायला कडेमनी साहेब आले, गुरुवारी, उशिरा.
खोली मोजली, खिडकी मोजली,
बोर्डावरची अक्षरंसुद्धा मोजली, मान तिरकी करून.
कडेमनी म्हणजे शेवटचं घर, तेजू कानात म्हणाली.
आमचंही शेवटचंच. पुढं रान.
तेवढ्यात खानापूरची शेवटची गाडी निघून गेली.

राहावा की, साहेब. खोली आहेच.
ते अवघडले. नियमात बसतं का, बघत असावेत.
मग बूट काढले,
दारात, जोडीनं, भिंतीला लावून.
मी दिराकडं बघितलं. दीर सुपारी कातरत होते.

नाचणीची भाकरी, अळंब्याची आमटी, ताक.
दोनदा आमटी घेतली.
सकाळी रवळूला म्हणाले, नवव्या रकान्यातला दगड कुठाय?
दोघं गेले. रवळू सांगत होता,
साहेब बराच वेळ उभे होते, हात दगडावर,
मग रेंज शोधून घरी फोन लावला,
ऊटा आयता, एवढंच विचारलं, सकाळी सातला.

पैसे द्यायला लागले. मी नको म्हटलं.
घ्या, म्हणाले, नाहीतर मी पाहुणा ठरतो,
पाहुण्यानं तपासणी करायची नसते.
सहाशे रुपये. वहीत पहिली नोंद त्यांचीच,
खाली कन्नडात तीन ओळी.
गाडी वळणाआड गेल्यावर तेजूनं वाचल्या :
पाणी गरम होतं.
खाट आवाज करते.
संडासातला दिवा गेला आहे, बदलावा.

त्याच दिवशी जांबोटीहून दिवा आणला.
मार्च एक गेला, दुसरा आता येईल.
पंचेचाळीस रुपयांचं बिल आहे,
फाइलीला लावलंय, सगळ्यात वर.