इरप्पाचा गाळ

शिसं आणलं टायरच्या दुकानातून.
चाकांची वजनं, वाकलेली, ऑइलनं काळी.
दस्तगीरनं पावशेर जास्तच घातलं,
म्हणाला, लागला मासा तर शेपटीकडचा तुकडा माझा.

एकतीस वर्षं उद्यमबागेत बिडाचा रस ओतला मी,
तरी या पळीभर शिशाला भितो.
साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला
तर ते थुंकतं, थेट डोळ्याकडे.
म्हणून साचा आधी उबवायचा,
आतून दिव्याची काजळी धरायची,
दार सताड उघडं,
आणि त्या हातांनी भाताला शिवायचं नाही.
नातवाकडून एवढंच पाठ करून घेतलंय.
बाकीचं चुकू दे.

गळ मात्र स्वस्तातला नको.
नखावर टेकवून बघायचा.
घसरला तर परत,
रुतला तर आपला.
खडेबाजारातला दुकानदार तोंड वाकडं करतो.
करू दे.
थोरल्याची सोयरीक जुळवताना
असं नख कुठं चालवता आलं?

पिसांसाठी रविवारी लवकर जायचं, पाणी उकळायच्या आत.
शेपटीची लांब पिसं दिसायला झोकदार,
पाण्यात पडली की छत्रीच्या काड्या.
मानेची घ्यायची,
फुंकर मारली की अंग फुलवणारी.
प्लास्टिकच्या झाडूचे केसही बांधून पाहिले एकदा.
रंग आठ दिवस टिकला,
जीव एक मिनिटही नाही.

वाइस फेलिक्सचा.
कॅम्पातलं घर विकून म्हापशाला निघाला तेव्हा
कोंकणी पेपरात गुंडाळून दिला.
हँडल सैल, जबडा पक्का.
कात्री सुनेची, न विचारता घेतलेली.
तिनं मी तांब्याची तार कापली
आणि दोन दिवस घरात फक्त भांडी बोलली.
आता दोन कात्र्या आहेत, माझ्या.
गाठीवर लावायला नखरंग तिनंच दिला नंतर,
बाटली पुढे सरकवली, वर बघितलं नाही.

राहिला दोरा.
दोरा इरप्पाचा.
वडगावात त्याचा माग होता, मागच्या वर्षी भंगारात गेला.
शेवटच्या साडीच्या काठाचं तांबडं रेशीम
एका कांडीवर उरलं होतं, ते खिशात घालून आला.
रिकामी रिफिल कापली, दोरा तिच्यातून ओवला,
म्हणाला, "बघ गा, धोटा झाला."
किती ताणायचं, विचारलं मी.
तुटायच्या एक बोट अलीकडे, म्हणाला,
आणि ते बोट कुठलं
ते काही केल्या सांगता येईना त्याला.

तो गळाला गाळ म्हणतो.
त्याच्या कानडीत तसंच आहे.
पहिल्यांदा मी म्हटलं, गाळ कशाला रे,
तळाला ढीगभर आहे की.
तो हसला. आठवड्यानं कळलं मला का हसला.
चाळीस वर्षांची ओळख आमची
आणि मध्ये हा एक काना.

हिडकलच्या मागच्या पाण्यात, सकाळी सात.
पहिलाच फेकला.
शिसं बुडताना दोरीला येतो तो छोटा झटका आला,
मग ती सैल पडली, म्हणजे तळ.
दोन वेळा उचलला, टेकवला.
तिसऱ्या वेळी कशाला तरी धरून बसला,
बुडालेला बांध असेल, बाभळीचं खोड असेल.
मी ओढला. इरप्पानं ओढला.
तुटला.

"गाळ होय्तु," इरप्पा म्हणाला.
"गाळात गेला," मी म्हणालो.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
पाण्यावर एक बगळा आमच्याकडे पाठ करून उभा होता.

मग मी वाइस बांधाच्या दगडावर आवळला,
डब्यातला दुसरा गळ नखावर टेकवला.
इरप्पानं कांडी उजेडाकडे धरली,
उरलेलं रेशीम डोळ्यांनी मोजलं,
"दोन होतील," म्हणाला, "नाहीतर दीड,"
आणि दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून
माझ्याकडे दिलं.