पाठ फिरवून

कुताइसीतल्या या इमारतीची लिफ्ट
वीस तेत्रीचं नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
माझ्याकडे सुटे नव्हते.
पाच मजले चढून गेले, तर त्सियाला देइदा दारातच उभी,
आत आंबट आलुबुखार शिजत होते.

"त्या यंत्राला विचार," ती म्हणाली,
"इतके दिवस मी कुणाशी बोलत होते."

यंत्र फ्रिजवर होतं. मुठीएवढा पांढरा कॅमेरा,
मान फिरणारा. एका बाजूला संत निनोची तसबीर,
दुसऱ्या बाजूला राऊटर, हिरवे दिवे लुकलुकणारा.
दोन्ही मुलानं ग्दान्स्कहून पाठवलेले.
झाझा तिकडे मासळीच्या गोदामात रात्रपाळी करतो.
"तू दिसलीस की बरं वाटतं, आई," म्हणाला होता,
आणि ती दिसत राहिली.

मार्चपासून कॅमेरा रात्री मान वळवू लागला.
ती शेगडीकडे गेली की शेगडीकडे,
खिडकीशी गेली की खिडकीशी.
तिला वाटलं, पोराला करमत नसेल.
मग ती बोलू लागली.
गुडघ्याचं, पेन्शनचं,
नवऱ्याच्या शेवटच्या आठवड्याचं,
जे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.
ईस्टरला तिनं त्याच्यापुढे ग्लास भरून ठेवला
आणि लाल रंगवलेलं एक अंडं.

परवा झाझानं फोनवर सहज विचारलं,
"तो कॅमेरा चालतो का गं अजून?
फोन बदलल्यापासून मी ते अ‍ॅप घेतलंच नाही.
फेब्रुवारीपासून."

मी लॅपटॉप उघडला.
नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन,
कारखान्यातून निघाला तसाच.
दाराला लोखंडी पत्रा, तीन कुलपं, वर साखळी,
आणि इथे फ्रिजवर जामदारखान्याची किल्ली
कुणीही उचलावी अशी.
नोंदींत एक पत्ता सापडला,
त्याच्यामागे दुसरा,
त्याच्यामागे काहीच नाही.

तिनं ढवळणं थांबवलं नाही.
त्केमाली क्षणात बुडाला लागते.
"त्याला आपली भाषा येत असेल का?"

फर्मवेअरबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं,
पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, दोनदा ओळख पटवणं,
सगळं मला पाठ आहे.
"माहीत नाही," म्हणाले.

"येत नसणार," ती म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं, भांड्यातच बघत,
"आली असती तर एकदा तरी हसला असता.
मी चांगले विनोद सांगत होते."

कागदाच्या टाचणीनं राऊटरचं बारीक भोक दाबून धरलं.
एक, दोन... दहा. दिवे विझले.
घरभर इतकी शांतता
की रटरटणारी भाजीसुद्धा मोठ्यानं बोलतेय असं वाटलं.
दिवे परत आले. बाहेरून हुकूम घेण्याची सोय बंद केली,
टीव्हीला अपडेट दिला, कॅमेऱ्यालाही.
"आता नवा पासवर्ड. लांब हवा.
मुलाचं नाव नको, जन्मतारीख नको.
एकमेकांशी न बोलणारे चार शब्द घ्या."

"तसे शब्द आमच्या घरात बरेच आहेत,"
ती म्हणाली आणि हात पुसून बसली.

मी पाठ फिरवून उभी राहिले.
खाली रिओनी गढूळ वाहत होती,
पुलावर कुणीतरी कलिंगडांची गाडी ढकलत होतं.
मागे एका बोटाची टकटक.
थांबली. काहीतरी खोडलं.
पुन्हा टकटक, या वेळी न अडखळता.
मोजायचं नाही म्हणून मी कलिंगडं मोजली.

"आणि हा?" कॅमेऱ्याकडे बोट केलं.
तिनं पाव झाकायचा भरतकाम केलेला रुमाल घेतला
आणि त्याच्या डोक्यावरून ओढला,
पोपटाचा पिंजरा झाकावा तसा.
"झाझाचा फोन आला की काढीन.
आधी दार वाजवायचं, मग बघायचं.
एवढं तर त्याला मीच शिकवलं होतं."

पैसे घेतले, वर त्केमालीची गरम बाटली.
पाच मजले उतरले.

रात्री घरी माझ्या राऊटरचा पासवर्ड बदलला.
तीन वर्षं तोच होता.
ज्याला सांगितला होता
तो आता इथे राहत नाही.