सोबत सहा फोटो

मौरिसियो,
तू मागितलेस बाराशे शब्द आणि सहा फोटो,
त्यातला एक हसऱ्या मुलांचा.
फोटो पाच आहेत. सहाव्याचं शेवटी सांगते.
मुलं मॉस्कोला आहेत.

कुबा शहराच्या पलीकडे नदी, नदीवर लांबलचक पूल,
खाली पाणी बेताचं, गोटेच फार,
आणि पूल संपला की गाव. सगळं ज्यूंचं.
तीन-तीन मजली घरं, पत्र्याच्या छपरांना कातीव झालर,
फाटकांवर सोनेरी तारे, फाटकांना कुलपं.
पैसा येतो बारा महिने,
माणसं येतात वर्षातून एकदा, उपासाच्या दिवशी,
आपापल्या थडग्यांना भेटायला.
मी आले जूनमध्ये.
चूक माझी की तुझ्या बजेटची, ते परत आल्यावर बघू.

प्रार्थनाघरात बूट काढून जातात इथं.
गालिच्यावर गालिचा, त्यावर आणखी एक.
माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं;
पहिला फोटो त्यामुळे जरा हललाय.

बाकीचे चार गुलबूरबाईंच्या मागं मागं फिरून काढले.
वय त्यांच्या मते एक्याऐंशी, पासपोर्टच्या मते सत्त्याहत्तर.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एकोणचाळीस घरांचा.
दर गुरुवारी एकेक घर उघडतात,
नळ सोडून बघतात, दिवा लावतात, विझवतात,
आरसे पुसतात.
कोणी बघितलं नाही तर आरसा आंधळा होतो, म्हणाल्या.
मग एक वही काढली,
बंद पडलेल्या मुरंब्याच्या कारखान्याची, हिशेबाची:
कोण गेलं, कोण आलं, कोणाच्या न्हाणीत पाइप फुटला,
ब्रुकलिनला कोणाला जुळी झाली,
तेल अवीवमध्ये वारून विमानानं कोण इथं परतलं.
पाइप आणि माणसं एकाच शाईत.

मी माझे प्रश्न काढले. तू टाइप करून दिलेले, अठरा.
त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही.
साखरेचा खडा दाताखाली धरून विचारलं,
माझ्या आजीच्या मोडक्या रशियनला कळेल इतकं सावकाश:
‘तुमच्याकडे रोसारिओत दहा पुरुष जमतात प्रार्थनेला?’
जमतात, म्हटलं.
त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. काही बोलल्या नाहीत.
‘आठ,’ मी म्हटलं. ‘दोघांना फोन करावा लागतो.
त्यातला एक ऑक्सिजनची नळी लावून येतो.’
‘आणि मासिक?’
दोनशे बारा वर्गणीदार.
पैकी चाळीसेक वारलेत,
पण अंक परत येत नाहीत, म्हणून आम्ही पाठवत राहतो.

ही गोष्ट त्यांना लगेच पटली, मौरिसियो.
आजवर हसल्याशिवाय कोणाला पटली नव्हती.

मग पेन्सिल जिभेला लावून कोरं पान उघडलं.
नाव? आईचं नाव? आजी कोणती?
फ्रूमा, म्हटलं.
कुठं पुरली? कितव्या रांगेत?
मी अकरा वर्षं या मासिकात
दुसऱ्यांच्या आज्यांबद्दल लिहितेय.
तिसरी असेल, म्हटलं. किंवा चौथी.
त्यांनी लिहिलं नाही. बोटभर जागा सोडली.
‘कळलं की कळव,’ म्हणाल्या, ‘शाईनं भरेन.’

तर लेखाला उशीर होईल.
रविवारी वेळ काढून दफनभूमीत जाऊन ये,
पाण्याच्या टाकीकडून मोजत जा,
आणि रांग कळव. बाराशे शब्द त्यानंतर.

सहावा फोटो गुलबूरबाईंनी काढलाय, माझा.
भिंगावर बोट आलंय;
कडेला सामोवर, माझा अर्धा कान, थोडी वही.
एकच छापणार असशील तर हा छाप.
मथळा तुझा तू दे, पण ‘लुप्त होत चाललेले’ वगैरे नको.
भाषा येत नसली तरी त्या कोणाला तरी वाचायला लावतील.
अंक त्यांना सुरू कर. दोनशे तेरा.
वर्गणी अक्रोडाच्या मुरंब्यात मिळाली,
त्यातली निम्मी बाकूच्या बसमध्ये मी खाल्ली.
हिशेबात धर.