पहिला आकडा

शनिवारी वोरूच्या संग्रहालयात, मागच्या खोलीत,
आम्ही वस्तूंची ओळख पटवून देतो. चहा फुकट.
लोक पिशवीतून काढतात शिंगाची मूठ, दातेरी चमचा,
पितळेचं काहीबाही, ज्याला आजोबा नुसतं 'ते' म्हणायचे.

विल्मा कांगुर आल्या तेव्हा बाहेर बर्फ वितळत होता.
काळी पेटी, आत विटलेलं निळं मखमल,
आणि दोन हातांचं एक किडकिडीत जनावर,
कोपरात दुमडलेलं.

हेल्दुर म्हणाला, दातांच्या डॉक्टरचं.
सिल्वे शपथेवर सांगत होती, शिंप्याचं.
मी भिंग लावलं, मग बोट लावलं,
छोटं चाक अंगठ्याने गरगर फिरवलं.
काठावर शंभर रेघा, शेजारी एक तबकडी,
मुंगीने मनगटावर बांधावी एवढी.

टोकाची सुई टेबलाच्या कापडाला टेकली
आणि माझ्याआधी माझ्या हाताला आठवलं :
शेतकी शाळा, तिसरं वर्ष, थंडगार वर्ग.
प्लॅनिमीटर!
नकाशातल्या शेताच्या कडेकडेने सुई न्यायची,
ओढा वळेल तिथे वळायचं,
आणि निघालो त्याच ठिपक्यावर परत यायचं.
चाक थोडं फिरतं, थोडं नुसतंच घसरतं.
घसरलेलं धरत नाही, फिरलेलं तेवढं मांडतं.
शेवटच्या आकड्यातून पहिला वजा केला
की जमीन कळते.

"वडील मोजणीदार," विल्मा म्हणाल्या.
"जहागिरी तोडून वाटल्या तेव्हा इथले निम्मे बांध
त्यांच्या हातचे. एकोणपन्नासच्या मार्चात
त्यांना मालगाडीत चढवलं.
आईने हे धान्याच्या कणगीत खुपसलं."

मखमलाखाली चिठ्ठी निघाली, चौघडी केलेली.
पेन्सिलीत : पहिला आकडा ४१२७.
दुसरा आकडा :
पुढे कागद कोरा.

मी चाकाकडे पाहिलं. अठ्ठावीसवर होतं ते,
माझ्या अंगठ्याने आणून सोडलेलं.
सिल्वे कपबशा गोळा करू लागली.
हेल्दुरला खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

सांगितलं त्यांना. सांगावंच लागलं.
त्या तोंडावर हात धरून हसल्या.
"अहो, आई गोठ्यात गेली की मी हे कणगीतून काढायचे,
बाहुलीची गाडी करायचे. सहा वर्षांची होते.
तुमच्या किती तरी आधी गेला तो आकडा."

नोंदवहीत लिहिलं : पितळ, पोलाद, क्रमांक ३१७४,
टेकूचं वजन हरवलेलं.
स्थितीच्या रकान्याशी हेल्दुर अडला.
विल्मांनी साखरेचं भांडं ओढून वजनाच्या जागी ठेवलं,
सुई चहाच्या डागाच्या काठावर टेकवली.
हात कापत होता. कापडाच्या धाग्यात
चाक अडकायचं, सुटायचं.
अर्ध्यावर थांबून विचारलं,
"परत इथेच यायचं ना?"

हो, म्हटलं. सावकाश.